कॅप्टनची सीट

आमच्या हवालदार नानांना कुठलीही गाडी दाखवा, ते आधी मागच्या सीटवर जाऊन बसायचे. इंजिन, चाकं, रंग सगळं नंतर. माझे हे चुलते लष्करात ट्रक चालवून पाटणला परतलेले. "मागं बसल्याबिगर गाडी कळत न्हाई. चालवनाऱ्याला खड्डा दिसतूय, मागच्याला निस्ता दनका बसतूय," असं म्हणायचे. गावात कुणी गाडी घ्यायला निघाला की नानांना सोबत न्यायचा. मीही नेलं. नेलं आणि ऐकलं नाही.

मला गाडी हवी होती ती मोठीच. घरात माणसं चार आणि गाडी सात जणांची. का, तर भावकीत दोघांनी घेतली होती! आज लिहितानाही माझी मलाच शिसारी येते. त्याच सुमाराला काकी, म्हणजे नानांची बायको, घसरून पडली होती. पायाचं हाड नीट जुळलं नाही, म्हणून पुढच्या महिन्यात मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं. नंतर पाय सरळ ठेवूनच घरी आणायची होती. मी छाती काढून सांगितलं, "ॲम्ब्युलन्स कशाला? आपली गाडी येतीय की!"

साताऱ्याच्या शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पांढरी, एक काळी. पांढरीत मधली सीट सलग, तीन माणसांची. दार उघडलं की खालून पायरी बाहेर यायची. काळीत छताला उघडणारी काच, बुडाखालून गार वारं सोडणारी सीट, पाठ चोळणारं बटण आणि मध्ये दोन सुट्या ऐसपैस खुर्च्या. सेल्समन म्हणाला, "आजोबा, बसा ना, ही कॅप्टन सीट."

नाना झटकन मागं सरले. "न्हाई, न्हाई. आमी हवालदार. कॅप्टनसायबाच्या शीटवर कसं बसनार?"

सेल्समन हसला, माझी बायको हसली आणि मीही हसलो. नानांना वाटलं, एखाद्या कॅप्टनने गाडी ठरवून ठेवलीय. समजावून सांगितलं तरी ते काही त्या खुर्चीवर बसले नाहीत. वहाणा काढून पांढरीत शिरले, मधल्या सीटवर पाय सोडून चक्क आडवे झाले आणि म्हणाले, "ही घे रं. हिच्यात तुजी काकी झोपून यील."

"आवं नाना, एका दिवसासाठी गाडी घेत्यात व्हय?" मी म्हणालो.

नाना उठून बसले, वहाणा घातल्या. "तुजी गाडी हाय गड्या. तुला आवडंल ती घे," एवढंच म्हणाले.

मी काळी घेतली. पोरं छतातून डोकी बाहेर काढून गावभर ओरडत फिरली. मी पाठ चोळून घेत बसलो. शी!

महिन्याने मिरजेच्या दवाखान्याच्या दारात काकीला गाडीत घालायची वेळ आली तेव्हा सगळ्या सोयी उघड्या पडल्या. दोन खुर्च्यांमध्ये ही फट! काकीला एका खुर्चीत आडवी बसवली, टाच दुसऱ्या खुर्चीवर टेकवली, मधला सगळा पाय अधांतरी. गाडी जरा हलली तरी ती कळवळायची. मी म्हणालो, "नाना, ॲम्ब्युलन्स बोलावतो." खरं तर बोलावायलाच हवी होती. पण नाना तोवर त्या फटीत खाली बसलेसुद्धा. गुडघे छातीशी घेतले आणि काकीचा पाय अलगद खांद्यावर धरला.

"नाना, निदान खाली उशी तरी घ्या."

"ऱ्हाऊ दे रं. दोन कॅप्टनांच्या मदी ही जागा हवालदारासाठीच ठिवलीया. हळू चालव म्हंजे झालं."

मिरज ते पाटण, शंभरेक किलोमीटर. प्रत्येक गतिरोधकाला आरशात मला फक्त त्यांची पांढरी टोपी दिसायची. काकी एकदा म्हणाली, "आवं, तुमचं खांदं दुखत असतील." तर हे म्हणतात, "गप पड. ट्रकात ह्याच्यापरीस लय वाईट जागा हुती." माझ्या बुडाखालून गार वारं येत होतं आणि मला घाम फुटला होता. पुढं कित्येक दिवस नानांना ताठ उभं राहता येत नव्हतं. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नाना गेल्या वर्षी गेले. काकी आता काठी टेकत चालते. परवा तिला तपासणीला मिरजेला न्यायचं होतं. ती खुर्चीत बसली आणि मी तिची पिशवी दोन खुर्च्यांमध्ये खाली ठेवली.

"उचल ती," काकी म्हणाली. "तितं हे बसत्यात."