आत्याचा मुका गुरुवार

तुमच्या आत्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालं एवढं तुम्हाला ठाऊक आहे. ते होणारच नव्हतं, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी, तुमची आजी, हे लिहून ठेवते.

तिचा खालचा जबडा लहानपणापासून पुढे. समोरचे दात एकमेकांना भेटतच नसत. पेरूसुद्धा ती सुरीने कापून दाढेखाली घ्यायची आणि चारचौघांत जेवताना तोंडापुढे हात धरायची. लातूरच्या डॉक्टरांनी दीड वर्ष तारा लावून दात ऑपरेशनसाठी तयार केले. आता फक्त तारीख घ्यायची होती, आणि तिथेच ती अडली. ऑपरेशननंतर काही आठवडे वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले राहतील, सगळं पातळ प्यायचं, बोलणं जवळजवळ बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. कापाकापीची भीती तिला नव्हती. भीती होती ती या गप्प बसण्याची. आत्या केज-युसूफ वडगाव गाडीवर कंडक्टर. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हे तिचं काम, आणि गाडीतून उतरली तरी ते काम चालूच असतं.

"आई, मी गुदमरून जाईन. तारा काढून टाकू. हाय तसं बरं हाय," ती म्हणाली.

दीड वर्ष पाण्यात जाणार होतं. तरी मी वाद घातला नाही. फक्त एक दिवस करून बघ म्हटलं. सकाळी सात ते संध्याकाळी सात तोंड उघडायचं नाही, काही सांगायचं तर पाटीवर लिहायचं. नाही जमलं तर मी स्वतः डॉक्टरांना नको म्हणून कळवते. तिची सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवार ठरला.

मी वहीत वेळापत्रक आखलं. सातला ज्वारीचं आंबील, दहाला केळं घालून घुसळलेलं दूध, बाराला येसर मसाल्याची आमटी. सगळं गाळून, मोठ्या सिरिंजला नळी लावून, गालाच्या आतून घ्यायचं. आंबील आणि दूध मुकाट्याने गेलं. आमटीत मात्र गाळणीतून मोहरीचा एक दाणा निसटला आणि नळीत अडकला. आत्याने जोर लावला, नळी सुटली आणि आमटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. हसायला तोंड उघडता येईना, म्हणून ती पोट धरून खाली बसली. 'फोडणी नको' असं वहीत लिहून मी बारीक गाळणी आणायला बाजारात गेले.

परत येते तो दारापुढच्या ओट्यावर चार बायका. मधोमध खुर्चीत आत्या, समोर नारळ. एकजण आपल्या नातवाचं डोकं तिच्या हाताखाली सरकवत होती. गुरुवार, नुकतेच धुतलेले मोकळे केस, पोटात अन्न नाही, तोंडून शब्द नाही; गल्लीने मौनव्रत ठरवून टाकलं होतं. आत्याने पाटीवर 'ऑपरेशन आहे' असं लिहून दाखवलं होतं. जिच्याजवळ चष्मा होता तिने ते मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांनी हात जोडले. ऑपरेशन नीट व्हावं म्हणूनच तर व्रत! मीही समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या, पण नारळ कुणी उचलला नाही.

शंका आली ती फक्त शेजारच्या खालांना. त्यांच्या घरचा फळांचा गाडा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो. त्या मोसंबीचा रस घेऊन आल्या होत्या. आत्याने तो नळीने ओढताच त्या म्हणाल्या, "रोजा म्हणतेत आन् रस बी पितीस? असला रोजा आमाला बी सांग गं."

साडेचारच्या सुमारास कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंनी पाय पसरले. त्या रोज आत्याच्याच गाडीने जातात. म्हणाल्या, "आज लई शांत वाटायलंय बघा. आमची गाडी रोज उशिरा काहून सुटती त्ये कळलं. हिच्या गप्पा सरल्याबिगर डबल बेलच पडत न्हाई."

आत्या गर्रकन वळली. तिचा चेहरा लाल झाला, जबडा हलला. झालं, आता तोंड उघडणार आणि ऑपरेशन जाणार, असं मला वाटलं.

तिने पाटी ओढली. खडू मोडला, तर उरलेल्या तुकड्याने लिहिलं आणि पाटी चष्मेवालीकडे फिरवली. तिने एकेक अक्षर लावत वाचलं, "गाडी वेळेवरच असते. काकू चप्पल हातात घेऊन पळत येतात म्हणून मी ती थांबवते."

सगळ्या हसल्या. खालांनी तर पदर तोंडात कोंबला. शेवटी काकूही हसल्या. म्हणाल्या, "मुकी झाली तरी चावतीच की." आत्याने पाटी पदराने पुसली आणि काकूंना उत्तर लिहायला घेतलं. मग पाटी या हातातून त्या हातात फिरू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या ऐकायला पुढे सरकल्या.

सात वाजले तसं मी सांगितलं. आत्याने हाताने मला थांब म्हटलं. ओळ पुरी व्हायची होती.

बायका गेल्यावर, साडेसातला, तिने तोंड उघडलं. "आई, उद्या लातूरला फोन लाव. तारीख घे. आणि आधी भाकरी वाढ."

सकाळी मी फोन लावला, पण तिने तो माझ्या हातातून घेतला. तारीख दोन मिनिटांत मिळाली. फोन तिने अर्ध्या तासाने ठेवला.