जावयाचं पथ्य

माझ्या लघवीत साखर निघाली.

पुण्याच्या विद्यापीठात मी कारकून. दिवसभर खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा, विड्या ओढायच्या आणि कुणी काम घेऊन आलाच तर त्याला 'उद्या या' म्हणायचं. एवढ्या साध्या राहणीनं रोग होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

डॉक्टर म्हणाले, "गोड, तूप, विडी बंद. गावाकडं जा आणि सकाळी झपाझप चाला."

मला गाव म्हणजे सासरचंच. भवानीनगरजवळ! (साखर उतरवायला मी साखर कारखान्याशेजारी निघालो. यावरून अकलेचा अंदाज यावा.)

बायकोनं वाटेतच बजावलं, "आजाराचं अवाक्षर काढायचं नाही! पोरगी दुखणाईताला दिली म्हणून आई रडत बसंल."

पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी पुरणपोळी आणली. मी ताटावर हात आडवा धरला. "नको. भाकरी द्या. कोरडी."

सासूबाईंचा चेहरा पडला. आत जाऊन त्या माझ्या सासऱ्यांना, तात्यांना, म्हणाल्या, "आवं, जावईबापू रुसल्यात!"

"लग्नात घड्याळ द्यायचं ऱ्हायलं," तात्या म्हणाले. "तेच मनात धरलं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट चढवले आणि हात हलवत बारामतीच्या रस्त्याला लागलो. (आगगाडीचं स्टेशन त्याच वाटेला, हे कुणाच्या ध्यानात असतं?) थोड्या वेळात मागून बैलगाडी धडधडत आली. गाडीत तात्या, बोडक्यानं! शेजारी पेरूचे व्यापारी अमीनचाचा.

"पावनं, थांबा! कुठं निघालासा?"

"कुठं नाही. नुसता चालतोय!"

"घरची गाडी असताना नुसतं कोण चालतं?"

डॉक्टरांनी थांबू नका म्हटलं होतं, म्हणून मी वेग वाढवला. तात्यांनी बैल पिटाळले! शेवटी अमीनचाचांनी खाली उडी मारली, स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात बांधलं.

"घ्या जावईबापू, पन पोरीच्या बापाची इज्जत राखा!"

मला उचलून गाडीत घातलं. घरी अंगणात ही गर्दी! बायको कानाशी येऊन फणकारली, "नवऱ्यानं टाकली म्हणत्यात मला! बसा आन् गपचीप खावा!"

बसलो. सगळी वस्ती माझ्या घासाकडं बघत होती.

"आणखी एक वाढू?"

"नको."

"बगा! राग गेला न्हाय अजून!"

'नको' म्हटलं की आणखी एक पोळी, वर तुपाची धार. मग राग गेल्याची खात्री करून घ्यायला प्रत्येक घरानं जेवायला बोलावलं. कुठं बासुंदी, कुठं शिरा! (घड्याळ परत केलं, तर तो नवा रुसवा ठरला. त्यापायी जिलब्या.)

पथ्यासाठी काढलेली रजा संपली त्या दिवशी माझ्या विजारीची बटणं लागेनात. तात्यांचं धोतर नेसून मी परस्पर कचेरीत हजर झालो. साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि कौतुकानं म्हणाले,

"वा! पथ्य मानवलेलं दिसतंय!"