काकूंच्या खाटेवरचा पंखा

भर दुपारी शेजारच्या वसंतकाकांकडे डोकावले, तर काकूंच्या रिकाम्या खाटेवर पंखा फिरत होता. सवयीने माझा हात बटणाकडे गेला.

"राहू दे गं," काका म्हणाले. "तुझी काकू जन्मभर वीज वाचवत आली. आजारपणातही पदराने घाम पुसत पडून राहायची, पण पंखा लावू द्यायची नाही. म्हणून गच्चीवर सोलर बसवून घेतलं. ते सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती गेली."

मी हात मागे घेतला. उन्हाला कुठे ठाऊक असतं, कुणासाठी वेळेवर पोचायचं होतं ते! ते आपलं रोज येतं आणि घरात वारा होतो.

काका उठले. फडफडणारं चादरीचं टोक त्यांनी हलकेच गादीखाली खोचलं आणि उशाशी बसून राहिले.