शेजारच्या काकू आणि भट्टीचा वास

मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी घरात आली तेव्हा बाबांनी एकच अट घातली. शेजारच्या काकूंची एक जरी तक्रार आली, तर भट्टी परत जाणार. आमची रो हाउसं, मध्ये हातभर रुंदीचा बोळ. आमच्याकडे फोडणी जळली तर काकूंना आमच्याआधी कळायचं. तीन वर्षांत मी त्यांच्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘आई अंघोळीला गेलीय’ एवढंच बोलले होते.

कच्ची माती भाजताना सुरुवातीचे काही तास घाण वास सुटतो, म्हणून भट्टीतली हवा घराबाहेर ओढून काढावी लागते. भट्टीसोबत आलेल्या पुस्तकातली आकृती मला पाठ होती. झाकणाला दोन बारीक भोकं, तळाला एक. तळाच्या भोकातून निघालेली नळी खिडकीपर्यंत न्यायची आणि तिथे एक छोटा पंखा लावायचा. पंचवटीतले एक वायरमन पंखा बसवायला आले. मी आकृती पुढे केली. त्यांनी ती उलटी धरून नीट पाहिली आणि मान डोलावली.

काम झाल्यावर झाकणाच्या भोकाशी उदबत्ती धरायची आणि धूर आत खेचला जातो का ते बघायचं, असं पुस्तकात होतं. मी थंड भट्टीवर उदबत्ती धरली. आई दारात आली, बघितलं, आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन परत आली.

“पूजा करायची तर सांगायचं नाही का गं? नुसती उदबत्ती काय ओवाळतेस?”

मी तोंड उघडेपर्यंत भट्टीला कुंकू लागलंही. धूर मात्र आत जायचं सोडून उसळून माझ्या नाकात येत होता.

“पंखा... उलटा लागलाय का?” मी विचारलं. हे वाक्य मनात चारदा म्हणून पाहिलं होतं.

“उलटा कसा असेल?” वायरमन म्हणाले. “बोळातली गार हवा थेट आत चाललीये. ताई, मी गॅरंटी देतो, हे मशीन जन्मात तापणार नाही.”

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला काय सांगणार? मी थँक्यू म्हटलं, चहा दिला आणि ते गेल्यावर स्टुलावर चढून पंखा फिरवून लावला.

रविवारी सकाळी भट्टी पहिल्यांदा पेटली. उदबत्तीचा धूर मुकाट आत जात होता, खोलीत वास नव्हता. मी खूश. अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात काकू.

“पोरगी कुठंय?” त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला भट्टी टेम्पोत चढताना दिसली.

“गंधकाची धुरी देतेस ना गं?” काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षवाल्यांचं. “बेदाणा करतेस आणि शेजारी सांगत नाहीस! लय केलाय आम्ही, वास झोपेतसुद्धा ओळखीन. किलोभर माझा बाजूला ठेव.”

‘हो’ म्हणणं मला चांगलं जमायचं. भट्टी वाचली असती. दर आठवड्याला बाजारातून बेदाणे आणून काकूंना द्यायचे, इथवर माझा विचार पोचलाही. तोवर काकू तडक आत शिरल्या आणि त्यांनी झाकणाकडे हात नेला.

“काकू, हात नका लावू! भाजेल!” मी ओरडले. घरात सगळे दचकले, मीही. “बेदाणे नाहीयेत. मातीच्या बरण्या आहेत. वास मातीचाच आहे, आणि तो मीच तुमच्याकडे सोडलाय. सॉरी.”

काकूंनी कुंकू लावलेली भट्टी पाहिली, मग नळी, मग खिडकी. खिडकीसमोर त्यांचं स्वयंपाकघर.

“अगं बाई, धूर वर न्यायचा असतो, गच्चीच्याही वर. शेजारणीच्या कुकरवर कोणी सोडतं का?”

बाबा नियमाचे पक्के. त्यांनी घसा खाकरला. “म्हणजे वहिनी, ही तुमची तक्रार समजायची का?”

“हो तर! पण पोरीची नाही, तुमची. एवढं मोठं यंत्र आणलंत आणि तिला पुरेसा पाइप घेऊन दिला नाहीत.”

ही तक्रार अटीत बसते का, याचा बाबांनी उभ्या उभ्या विचार केला. मग ते पाइप आणि शिडी आणायला गेले.

“तू भट्टी बंद कर आणि नळी धर,” काकू मला म्हणाल्या. “कुठं ठोकायचं ते मी सांगते त्यांना.”