सहा चिठ्ठ्या, एक सायकल

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला रविवार, सकाळी दहा. ठिकाण : मुख्याध्यापकांचं ऑफिस.

उपस्थित : मुख्याध्यापक साळुंखे सर. पालक समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार कदम. तीन मुलींच्या तीन आया. मी, गणिताची शिक्षिका. आणि टेबलाशेजारी स्टँडवर उभी असलेली एक नवी लेडीज सायकल, जिच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं.

अनुपस्थित : काजल, इयत्ता नववी.

सायकल आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं पाठवली होती. तो सध्या फौजेत आहे. अट एकच, लांबून येणाऱ्या मुलीला द्यावी. आमची शाळा वडूज-म्हसवड रस्त्यापासून बरीच आत आहे. लांबून येणाऱ्या मुली निघाल्या सहा. सायकल एक. म्हणून चिठ्ठ्या.

प्रत्येक मुलीच्या वतीनं घरातलं कुणीतरी चिठ्ठी काढणार होतं. आण्णा पुतणीसाठी आले होते, सुभेदार मुलीसाठी. काजलची आई कांदा काढायला जात होती, वडील टेम्पोवर बाहेरगावी. त्यामुळे काजल स्वतः येणार होती. तिची वस्ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस तरी तिचा पहिला तास बुडतो, आणि माझा गणिताचा तास नेमका पहिला असतो. तिची आई मला आधीच सांगून गेली होती, "पुढच्या साली दहावी. तवा जादा तास सुटून अंधारात यायचं म्हटल्यावर मी काय तिला धाडायची न्हाई मॅडम." म्हणजे सहाही जणींना सायकल हवी होती, पण काजलची शाळा त्या सायकलवर अडली होती. तरीही मी चिठ्ठीत ढवळाढवळ करणार नव्हते. नियम सगळ्यांना सारखा.

मी कामाला निघण्याआधी यादी करते. त्या दिवशीची यादी छोटी होती. चिठ्ठ्या कापणे. खडूचा रिकामा डबा. सह्यांचा कागद. चहा. अर्ध्या तासाचं काम.

पहिली अडचण साडेदहालाही काजलचा पत्ता नव्हता ही. दुसरी अडचण आण्णा.

"सुरू करा मॅडम," आण्णा म्हणाले. "पैली चिठ्ठी आमची."

"का बरं?" सुभेदारांनी विचारलं.

"का म्हंजे? पालखीला पैला खांदा आमच्या भावकीचा. यात्रंचा पैला नारळ आमचा. आन् अध्यक्ष कोण हाय?"

"ही पालखी न्हवं. हितं पैला कोण आला? मी. साडेनऊपासनं बसलोय."

"तुमी लवकर आला म्हून मान बदलतोय व्हय?"

मी म्हटलं, "कुणीही पहिली काढा. फरक पडत नाही."

यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सायकलला दोन चाकं नसतात म्हणाले.

संभाव्यता हे प्रकरण मी दहावीला शिकवते. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, ते आकड्यात सांगणं, म्हणजे संभाव्यता. सहा सारख्या चिठ्ठ्या, एकीवर 'सायकल' लिहिलेलं, पाच कोऱ्या. प्रत्येकाला सहात एक शक्यता. मुलं परीक्षेत हे लिहितातसुद्धा. त्यांच्या घरच्यांनी मात्र ते कधी ऐकलेलं नसतं, आणि मुलं घरी गेली की विसरतात.

साळुंखे सर मध्ये पडले. ते इतिहासाचे. "मॅडम म्हणतात ते बरोबर आहे. सायकल मिळेल किंवा मिळणार नाही. दोनच गोष्टी. फिफ्टी-फिफ्टी."

"सर, सहा मुली. प्रत्येकीला फिफ्टी-फिफ्टी असेल तर तीन सायकली लागतील. बाकीच्या दोन कुठे आहेत?"

सरांनी चहा आला का ते पाहायला बाहेर डोकावलं.

दोन गोष्टी शक्य आहेत म्हणून दोन्हींची शक्यता सारखी असते, हा गैरसमज मी दर वर्षी मोडते आणि दर वर्षी तो नव्यानं उगवतो. गेल्या चाचणीत एकानं लिहिलं होतं, उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणून संभाव्यता निम्मी. हा मुलगा दुष्काळी माण तालुक्यात जन्मला आणि वाढला आहे.

मी डबा हातात घेतला आणि उभ्यानंच समजावलं. पहिल्या माणसाला सहात एक. दुसऱ्याची पाळी आली की डब्यात पाच उरतात, म्हणून त्याची शक्यता वाढल्यासारखी वाटते. पण ती पाचात एक तेव्हाच, जेव्हा पहिल्याची कोरी निघालेली असते. कोरी निघण्याची शक्यता सहात पाच. सहात पाच गुणिले पाचात एक. वरचे पाच, खालचे पाच गेले. उरलं सहात एक. तिसऱ्याचं तेच. शेवटच्याचंही तेच.

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, पुस्तकात आसंल. पर पैल्यानंच सायकल उचलली तर शेवटच्याला डब्यात काय ऱ्हायलं? कागूद."

"आणि पहिल्या पाचही कोऱ्या निघाल्या तर?"

"आसं कवा हुतंय व्हय?"

"सहात एकदा, आण्णा."

ते हसले. तिघी आयाही हसल्या. मी घड्याळ पाहिलं आणि प्रश्न सोडवायचा नाही, फक्त काम पुढे न्यायचं, असं ठरवलं. शाळेत इतकी वर्षं काढल्यावर या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. पहिली चिठ्ठी आण्णांची, दुसरी सुभेदारांची, मग आया बसल्या होत्या त्या क्रमानं. सगळ्यांनी घेतल्याशिवाय कुणी उघडायची नाही. काजल आली नाही तर डब्यात उरेल ती तिची.

"कबूल आहे ना? मग आधी सही करा."

"शेवटची तिची? ऱ्हाऊ द्या की," आण्णा मोठ्या मनानं म्हणाले. "लेकराचं तेवढंच समाधान."

सगळ्यांनी सह्या केल्या. उरलेली चिठ्ठी द्यायला कुणाचीच हरकत नव्हती. ती काही कामाची नाही, यावर एकमत होतं.

आण्णांनी खिशातून रुमाल काढून हात पुसला, डोळे मिटले, डबा तळापासून ढवळला आणि एक चिठ्ठी घेतली. सुभेदारांनी वरचीच उचलली. तिघी आयांनी कपाळाला लावून घेतल्या. मी म्हटलं, उघडा.

कोरी. कोरी. कोरी. कोरी. कोरी.

सुभेदारांनी आपली उलटून पाहिली. आण्णांनी उजेडाकडे धरली. मग सगळे एकदम डब्याकडे बघायला लागले.

मी डब्यातली चिठ्ठी उघडून टेबलावर ठेवली. तिच्यावर 'सायकल' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"परत काढा," आण्णा म्हणाले.

"का?"

"ती पोरगी हाय कुठं हितं? तिनं हातानं काढली न्हाई. ऱ्हायलेली चिठ्ठी ती. ऱ्हायलेल्या चिठ्ठीला सायकल कशी लागंल?"

"तुम्हीच सही केलीय, आण्णा."

"ती शेवटची म्हून केली!"

साळुंखे सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, वातावरण बिघडायला नको. पुन्हा एकदा काढू या. शक्यता सारखीच म्हणताय ना? मग काय बिघडलं?"

मघाशी न कळलेलं गणित सरांना आता नको तिथे कळलं होतं. "सर, चिठ्ठी उघडेपर्यंत शक्यता असते. उघडल्यावर निकाल असतो. बोर्डाचा निकाल आवडला नाही म्हणून आपण पुन्हा परीक्षा घेतो का?"

तेवढ्यात दारात काजल आली. चपला हातात. एकीचा अंगठा तुटला होता. "मॅडम, चालत यायला उशीर झाला. संपलं का?"

मोटरसायकलवरून आलेली पाच माणसं सायकलकडे बघत राहिली.

शेवटी सुभेदार उठले. त्यांचा चेहरा काही खूश नव्हता, घरी जाऊन मुलीला सांगायचं होतं. "पाच जणांनी हातानं काढल्यात, कोऱ्या निघाल्यात. आता काय बोलायचं? द्या तिला." आणि आण्णांकडे वळून, "आन् पैल्या चिठ्ठीचा मान तुमास्नी मिळाला की. घरी न्या."

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "ठीक हाय. पर सायकल माज्या हातानं द्यायची. फोटूसकट."

हा प्रस्ताव मी त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मान्य केला. नारळ आणवला. फोटो निघाला. फोटोत हँडल आण्णांच्या हातात आहे, घंटीवर साळुंखे सरांचा हात आहे. काजल मागे आहे. तिनं कॅरिअर घट्ट धरलंय.

यातून मी शिकले ते इतकंच. शेवटची चिठ्ठी पहिलीइतकीच चांगली असते, हे फळ्यावर दोन ओळींत सिद्ध होतं, पण कुणाला पटत नाही. म्हणून सह्या आधी घ्याव्यात. परवा स्नेहसंमेलनातल्या नाचांचा क्रम ठरवायचा होता, तेव्हा साळुंखे सरांनी मला विचारलंच, "मॅडम, पहिली चिठ्ठी कुणाला द्यायची?"

त्या दिवशीच्या यादीत नसलेलं एक काम अजून राहिलंय. सायकलची सीट उंच आहे, काजलचे पाय पुरत नाहीत. सीटचा नट घट्ट बसलाय, शाळेतल्या पान्यानं तो हलेना, आणि सायकल दुरुस्तीवाला दोन आठवडी बाजार झाले तरी आलेला नाही. सीट खाली होईपर्यंत सायकल शाळेतच ठेव, असं मी काजलला सांगितलं. तिच्या आईनं निरोप पाठवला, शाळेत ठेवली तर परत चिठ्ठ्या काढतील.

त्यामुळे काजल रोज डोंगर उतरून चालतच येते. सायकल हातात धरून.