सुमतीबाईंच्या दुपट्यांचा तक्रार अधिकारी

निवृत्त होताना अच्युतराव घरी म्हणाले होते, आता कोणाची तक्रार ऐकायची नाही. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा आणि चिडलेल्या माणसाला ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणून वाटेला लावायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. कान विटले होते.

पुढं दोन वर्षांनी त्यांच्या बायकोनं, सुमतीबाईंनी, वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या घरात तान्ह्या बाळांची सुती दुपटी शिवायला घेतली. भाची प्रेरणा वर्ध्याला एका कर सल्लागाराकडे कामाला. तिनं दुपट्यांची वेबसाइट करून दिली.

“मामा, इथं तक्रार अधिकाऱ्याचं नाव, फोन, पत्ता टाका लागते. अठ्ठेचाळीस तासांत पोच, महिन्याच्या आत निकाल. ऑनलाइन विकणाऱ्याले नियमच हाय तो.”

“मामीचं टाक.”

“मामी मशीनवर बसून राह्यते दिवसभर. फोन कोण उचलन?”

अच्युतरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचंच नाव पडलं ते पडलंच.

फोन येत राहिले. पार्सल पोचलं नाही, फोटोत निळा दिसला तो रंग जांभळा निघाला, परत करायचं तर कुठं पाठवू. अच्युतराव एका वहीत तारीख घालून सगळं उतरवत, पोच पाठवत. दुपारची झोप गेली.

मग कराडहून एका बाईचा मेल आला. दुपट्याच्या डाळिंबी काठाचा रंग सुटून बाळाची झबली खराब झाली होती. सोबत फोटो होते.

सुमतीबाईंनी मान वर केली नाही. “गरम पाण्यात टाकलं असन तिनं. नाई म्हणून कळवा.”

“थंड पाण्यात धुवा, असं आपण कुठं लिहिलं हाय?”

“दुपटं कसं धुवाचं हे बायकाईले सांगा लागते का आता?”

अच्युतराव उठले. त्याच काठाचं एक कोरं दुपटं त्यांनी मोरीतल्या बादलीत थंड पाण्यात बुडवलं, सोबत आपला पांढरा रुमाल टाकला. तासाभरानं रुमाल गुलाबी निघाला. त्यांनी तो बायकोसमोरच्या दोरीवर वाळत घातला.

सुमतीबाईंनी रुमाल चिमटीत धरून पाहिला. मशीन थांबलं होतं.

“दुकानदारानं पक्का रंग म्हणून देलता मले तो कपडा,” त्या हळूच म्हणाल्या. “तीस दुपटी गेली त्याची.”

“बत्तीस.”

अच्युतरावांनी कराडच्या बाईला लिहिलं, चूक आमची आहे, पैसे परत करतो. कचेरीत हे वाक्य त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. तिथं ते लिहिण्याचा अधिकारच नव्हता. मग उरलेल्या एकतीस जणांनाही त्यांनी तेच कळवायला घेतलं.

प्रेरणा फोनवर चिडली. “ज्यायनं विचारलंच नाई त्यायले काऊन सांगता, मामा?”

“लेकरं गुंडाळतेत त्याच्यात,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. आणखी समजावण्याचं त्राण नव्हतं.

अकरा दुपटी परत आली. एकानं फसवे लोक म्हणून लांबलचक शिवी लिहिली. त्यालाही पोच गेली. सुमतीबाई चार दिवस परत आलेल्या दुपट्यांचे काठ उसवत बसल्या. बोटं दुखायला लागली तेव्हा अच्युतराव समोर येऊन बसले आणि दुसऱ्या टोकानं उसवू लागले.

“सावकाश, कापड फाटन,” त्या म्हणाल्या.

पुढचा सगळा माल त्यांनी बिनकाठाचा, पांढराच शिवला. तो आधीइतका खपत नाही. कराडच्या बाईनं मात्र परत एक मागवलं, आणि धुवायचं कसं ते विचारलं.