दोन फोनांची लाँड्री

लाँड्रीवालीच्या काउंटरवर दोन फोन असत. एक हिरव्या ॲपचा, एक पिवळ्याचा. गिऱ्हाईक ॲपवर कपडे नोंदवायचं, कंपनीचा माणूस गाठोडं आणून टाकायचा, आणि धुलाई-इस्त्री ही बाई आणि तिचा नवरा करायचे. कंपनी मधल्या मध्ये आपला वाटा कापून घ्यायची. नवऱ्याची नोकरी गेल्यावर दोघांनी उभं केलेलं दुकान ते, त्याच्यावरच घर चालायचं. पण बाई कसली खमकी! हिरव्यानं वाटा वाढवला की ती हिरवा फोन बंद करून खुशाल पिवळ्याची कामं घ्यायची. मग हिरव्याचा माणूस गयावया करत यायचा आणि वाटा कमी करून जायचा. "दोन सवती भांडताहेत तोवर आपली चैन," असं ती म्हणायची, आणि नवरा वाफेआडून हसायचा.

फक्त एका गोष्टीला ती टरकून होती. कंपन्यांची माणसं अनोळखी नंबरावरून फोन करून "काही तक्रार?" असं विचारायची. एकदा तिनं खरं सांगितलं, तर तिचं दुकान ॲपवर असं तळाला ढकललं की आठवडाभर गाठोडं दिसलं नाही. तेव्हापासून कोणीही विचारो, तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

एके दुपारी एका बाईंचा फोन आला. हिरवी कंपनी पिवळीला विकत घेणार आहे, घेऊ द्यायचं का हे आमचं सरकारी कार्यालय ठरवणार आहे, दोन्ही एक झाल्या तर तुमचं नुकसान होईल का, असं त्या विचारत होत्या. कसलं कार्यालय नि कसलं काय! आली परीक्षा घ्यायला, असं मनात म्हणत हिनं आवाजात साखर घोळली.

"छे हो बाई, नुकसान कसलं? सगळं उत्तम आहे."

"नक्की? मोकळेपणानं बोला."

"अगदी नक्की."

फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "कशी गंडवली!"

विक्रीला मंजुरी मिळाली. शेजारच्या शिंप्यानं बातमी वाचून दाखवली: लहान दुकानदारांची हरकत नाही. "कार्यालयानं फोन करून विचारलं होतं म्हणे. आपल्याला कोण विचारतंय!" तो हसला. म्हणजे तो फोन खरंच कार्यालयाचा होता, हे हिला तेव्हा कळलं.

लवकरच पिवळं ॲप बंद पडलं आणि हिरव्यानं वाटा दुप्पट केला. तिनं सवयीनं फोन बंद केला नि वाट बघत बसली. कोणी फिरकलं नाही. गाठोडी दुसऱ्या लाँड्रीत जाऊ लागली. शेवटी झक मारत फोन चालू केला, तर मरमर राबूनही गाळ्याचं भाडं निघेना. या महिन्यात जमलं नाही तर दुकान सोडायचं, असं दोघांनी ठरवलं.

तिनं त्या बाईंचा नंबर शोधून लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं.

"हे तेव्हा हवं होतं हो," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखे बहुतेक सगळे उत्तमच म्हणाले. तक्रार घेते मी, पण दिलेली मंजुरी फिरवायला वर्षं लागतील. फिरेलच असंही नाही."

नवरा हातातलं काम थांबवून बघत होता.

"मीच घालवलं दुकान," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. वेडी आहेस का, तुझ्या एकटीच्या बोलण्यानं काय होतंय, असं तो म्हणेल म्हणून ती थांबली. त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि गाळ्याच्या मालकाला फोन लावला.